प्रेमाची वेठ

नाना, येत्या रविवारी कॉलेजात तुमचा फोटो लागणार आहे. मोठ्या वर्गात, फळ्याच्या बरोबर वर. सुतार येऊन खुंटी ठोकून गेला, ती वाकडी ठोकली म्हणून मी त्याला परत बोलावला. फोटो तो पगडीवाला, मुंबईला काढलेला, ज्यात तुम्ही कोणालातरी आत्ता रागे भरणार असे दिसता. मला तोच बरा वाटतो. दुसऱ्यात हसलेले आहात, तो तुमच्यासारखा दिसत नाही.

हे पत्र मी भटारखान्यात बसून लिहिते आहे. दुपारची जेवणं उरकली, डाळ भिजत घातली, भांडी घासणारी बाई अजून यायची आहे. तेवढ्यात लिहून टाकू म्हटलं. पण एका जागी बसवत नाही. दोन ओळी लिहिते आणि उठते, माठ झाकते, मांजर हाकलते, परत बसते. चार दिवस असंच चाललं आहे. तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली, त्यात कधी तुम्हाला लिहावं वाटलं नाही, आणि आता जीव एका ठिकाणी ठरत नाही.

त्याचं कारण असं. मागच्या आठवड्यात कमिटीचे चेअरमन इथं, भटारखान्याच्या दारात आले. आत यायचं नव्हतं, धोतराला काजळी लागली असती. म्हणाले, "ताई, रविवारी तुम्ही दोन शब्द बोलायचे. ती भेट-वेठीची गोष्ट तुमच्याच तोंडून ऐकायची आहे सगळ्यांना." मी म्हटलं, मला भाषण येत नाही. तर म्हणे, "भाषण कुठं, वाचायचं फक्त. आमच्या धाकट्या मास्तरांनी लिहून आणलंय." आणि कागद पुढे केला. मग जाता जाता, पायरीवर उभं राहून, पाठ अर्धी वळवून म्हणाले, "तुमच्या या खोलीचंही बघायचं आहे. नवीन माणसं खोली मागतायत. पण साहेबांच्या कन्येला आम्ही असं कसं… रविवार होऊन जाऊ दे, मग तुम्ही हयात आहात तोवर खोली तुमचीच, असा ठराव करून टाकू." समजलं का नाना? गोष्ट सांगायची आणि खोली घ्यायची. तुम्ही असता तर त्यांना पायरीवरून खाली उतरवलं असतं. मी 'बरं' म्हटलं. मला जायला दुसरी जागा नाही.

कागद वाचला. वाचायला मला अर्धा दिवस लागला, कारण धाकटा मास्तर फार जोडाक्षरं लिहितो. त्यात तुमचं सगळं आहे. आधी तुम्ही डोंगरातल्या संस्थानाचे कारभारी, राजा लहान म्हणून सरकारने नेमलेले. मग मुंबई कौन्सिलाचे मेंबर. मग या कॉलेजचे पहिले प्रिन्सिपॉल. आई म्हणायची तसंच. दर वेळी नवी पाटी लागली की ती चुलीपुढून विचारायची, "आते कोन शेतस तुम्ही? काय म्हनीसन हाक मारू?" तुम्ही चिडायचा. तुम्हाला घरात अहिराणी बोललेलं चालत नसे आणि तिला दुसरं बोलणं जमत नसे. म्हणून मला दोन्ही येतं, नीट एकही नाही.

आणि मग त्या कागदात मी आहे. "त्या नऊ वर्षांच्या बालिकेने अजाणतेपणी जे अक्षर चुकवले त्याने एका थोर पुरुषाचे डोळे उघडले. त्यांनी मुलीला मांडीवर घेतले व म्हणाले, बाळ, तू चुकली नाहीस, मी चुकलो." असं लिहिलं आहे. अजाणतेपणी हा शब्द मला तीनदा वाचावा लागला.

आता तुम्ही आणि मी दोघंच आहोत तर सांगते, आठवून बघा. गोरा साहेब तोरणमाळला जायला निघाला आहे. घाटाच्या पायथ्याला, वडाखाली तंबू लागले आहेत. पाच-सहा दिवस तुम्ही घोड्यावरून उतरलेला नाहीत. शिपाई पाड्यापाड्यावर फिरून माणसं हाकून आणत आहेत. कोणी तंबू वाहायला, कोणी गवत कापायला, कोणी कोंबड्या, दूध, लाकूड घेऊन. साहेबाची लोखंडी खाट आहे, खुर्च्या आहेत, आंघोळीचं पिंप आहे, ते सगळं माणसांच्या डोक्यावरून वर घाटात चढायचं आहे. कोणाला विचारायचं नाही, कोणाला काही द्यायचं नाही. नाही म्हणेल त्याची पाठ शिपाई बघून घेतो. आई आणि मी तुमच्याबरोबर आलो आहोत, कारण मडमसाहेबांना कोणीतरी बाईमाणूस भेटायला हवं.

आदल्या सकाळी तुम्ही मला बोलावलं. मी तेव्हा संस्थानच्या शाळेत तिसरीला, आणि माझं अक्षर तुमच्या कारकुनापेक्षा चांगलं. हे तुम्हीच सगळ्यांना सांगायचा, मी नाही. तुम्ही जाड पांढरा पुठ्ठा दिला, बोरू दिला, आणि सांगितलं, मोठ्या अक्षरात लिही, डोंगरी रयतेची प्रेमाची भेट. टोपल्यांच्या पुढे ठेवायचा होता तो. साहेबाला मराठी वाचता येतं, त्याला बरं वाटेल, कारभाऱ्याच्या मुलीच्या हातचं आहे म्हणून मडमेला बरं वाटेल. तुम्ही सांगून घोड्यावर बसलात आणि गेलात.

मी तंबूच्या सावलीत बसून लिहायला घेतलं. समोर ती सगळी माणसं बसली होती, पहाटेपासून. मधाची मडकी, चारोळी, मोहाची फुलं, पाय बांधलेल्या कोंबड्या. त्यात डोंगरातली एक पावरा बाई होती, आपल्याच घरी पाणी भरायची ती, तुम्हाला आठवत नसेल. चांदीची जाड हसळी होती तिच्या गळ्यात. अंगावरचं पोर घरी ठेवून आली होती, तिसरा दिवस होता. तिच्या लुगड्याला पुढून दुधाचे ओले डाग पडले होते आणि ती त्यावर पदर ओढून घेत होती. मी 'प्रेमाची'पर्यंत आले. तिने मान लांबवून विचारलं, "काय लिखी ऱ्हायनी व?" तिच्या घरी ती पावरी बोलीत बोलायची, पण माझ्याशी अहिराणीत. मी म्हटलं, भेट. ती म्हणाली, "भेट म्हंजे काय?" मी शाळेतल्यासारखं सांगितलं, "आपण खुशीनं देतो ना, ती भेट."

ती हसली. नुसती ती नाही, तिने शेजारच्याला तिच्या बोलीत सांगितलं, त्याने पुढच्याला सांगितलं, आणि त्या वडाखाली सगळी माणसं हसायला लागली. कोंबड्या फडफडल्या. एक म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. मला वाटलं मी काहीतरी वेडं बोलले, माझे कान तापले. मग ती बाई डोळे पुसून मला म्हणाली, अगदी मायेनं, जसं लहान पोराला बोबडा शब्द नीट करून सांगतात तसं, "भेट नही व बाई. ही वेठ शे."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी साहेब आला, टोपल्यांपुढे उभा राहिला, चष्मा लावला आणि त्याच्या त्या दगडी मराठीत मोठ्याने वाचलं, "डोंगरी रयतेची प्रेमाची वेठ." आणि तुमच्याकडे वळून म्हणाला, "कारभारी, वेठ प्रेमाची पण असते?" त्याची मडम हसली, त्याचे शिपाई तोंड दाबून हसले. तुमचा चेहरा मी बघितला. तुम्ही म्हणालात, "मुलीची चूक, साहेब. लहान आहे."

मांडी कुठली, नाना? तंबूत आल्यावर तुम्ही माझ्या थोबाडीत मारली. डावा कान दिवसभर वाजत होता. आई मध्ये पडली, "पोरले कसाले मारतस? तिनी काय खोटं लिखं?" तुम्ही तिला म्हणालात, तू गप बस. मग माझा दंड धरून विचारलंत, "खरं सांग. चुकून लिहिलंस की मुद्दाम?"

मी म्हटलं, "चुकून, नाना. मला भ येत नाही."

तुम्ही दंड सोडलात. मला अजून दिसतं, तुमचा राग गेला आणि त्याच्या जागी काहीतरी वेगळं आलं, कंटाळा म्हणा. रागापेक्षा ते वाईट. तुम्ही आईला म्हणालात, "हिच्या डोक्यात अक्षर बसत नाही. शाळा बास झाली." आणि शाळा बास झाली. तेराव्या वर्षी लग्न, मानमोडीच्या साथीत नवरा गेला, तेव्हा मी वीस वर्षांचीही नव्हते. सासरी भाकरी थापत राहिले. सासू म्हणायची, साहेबाची लेक आणि सहीच्या जागी अंगठा करते.

तुम्ही मेंबर झालात ते मला सासरी कळलं. पेपर दहा दिवसांनी यायचा. दीर ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे आणि आम्ही बायका आतून ऐकायचो. एक दिवस ते ओरडलेच, "वहिनी, अहो वहिनी, बाहेर या! तुम्ही कौन्सिलात!" वेठ बंद करा असा ठराव आला होता आणि तुम्ही त्यावर बोलला होता. तुम्ही म्हणाला होता, मी स्वतः कारभारी असताना वेठ घेतली, मी गुन्हेगार आहे. दिरांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. एवढं कोणी उघड बोलत नाही. मला पण छाती भरून आली, खोटं कशाला सांगू. आणि मग तुम्ही ती गोष्ट सांगितलीत, माझी, आणि शेवटी ती मांडी. सगळ्या कौन्सिलाने टाळ्या वाजवल्या, असं छापलं होतं. ठराव पास झाला. गल्लीतल्या बायका मला बघायला आल्या, "तीच का तू?" मी परातीत पीठ मळत होते. माझा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला, आणि कानाला पीठ लागलं.

तेव्हापासून मी तुमच्यावर रागावले होते. गोष्ट सांगितलीत म्हणून नाही. मारलं ते खाऊन टाकलंत म्हणून. मारलं असंही सांगितलं असतंत तर काय टाळ्या कमी पडल्या असत्या? आणि पाणी भरणाऱ्या त्या बाईचं नावगाव नाही तुमच्या भाषणात, ती नाहीच. असणार कशी, तुम्हाला तिचं ठाऊकच नव्हतं. ठाऊक फक्त मला होतं. हे मी इतकी वर्षं सोयीने विसरत आले.

मग तुम्ही मला इथं आणलंत. मेंबरकी संपली, डोक्यावरची पगडी उतरली, आणि म्हातारपणी तुम्हाला मास्तर तयार करायचे कॉलेज सुचलं. कॉलेज कसलं, चार खोल्या, एक विहीर आणि वीस-बावीस शिकाऊ मास्तर, कोणी नवापूरकडचे, कोणी खापरचे. त्यांना जेवायला घालायला बाई हवी होती. लोक म्हणाले, प्रिन्सिपॉलसाहेबांची मुलगी आणि चुलीपुढे? तुम्ही म्हणालात, ही माझ्यापेक्षा चांगली माणसं सांभाळते. ते मात्र खरं बोललात.

आल्यावर महिन्याभरात तुम्ही धुळ्याहून येताना माझ्यासाठी वस्तू आणलीत. मला वाटलं लुगडं असेल. कागद सोडला तर आत पाटी. लाकडी चौकटीची, नवी कोरी, आणि दोन पेन्सिली. पस्तिशीला आलेल्या विधवेला पाटी! मी म्हटलं, "नाना, हिच्यावर काय पोळ्या लाटू?" तुम्ही हसला नाहीत. स्टुलावर बसलात, इथंच, आत्ता मी बसले आहे तिथं, आणि म्हणालात, "भ काढून दाखव." मी म्हटलं, पीठ मळायचं आहे. तुम्ही म्हणालात, "पीठ राहू दे. मी कौन्सिलात वर्षानुवर्षं शब्दाला शब्द लावत बसलो. मला एक कळत नाही. भ चा व झाला, समजलं. पण ट चा ठ कसा झाला? एक अक्षर चुकून चुकतं, बाई. दोन अक्षरं चुकून, बरोबर दुसरा खरा शब्द होतो, असं मी कुठं पाहिलं नाही."

मी पाटी उचलली आणि पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली. त्याचं झाकण हरवलंच होतं. अजून तीच आहे त्यावर. चपखल बसते. तुम्ही थोडा वेळ त्या डब्याकडे बघत राहिलात आणि उठून गेलात. मला तेव्हा बोलता आलं असतं. मी विचारू शकले असते, आधी सांगा मांडी कुठून आणलीत? तुम्ही तुमचं सांगितलं असतंत, मी माझं. दोघंही बोललो नाही. तुमचं खोटं काढावं तर माझंही निघतं, अशी गाठ होती ती. आणि तुम्ही कौन्सिलात वाद घातलेला माणूस, तुम्हाला ती दिसत असणारच.

हट्ट माझाच मोठा. तुम्ही बाजाराची यादी मागायचा, ती मी मुद्दाम तशी लिहायचे. बाजी. बोपळा. बुईमूग. बरीत करायला वांगी. शिकाऊ मास्तर ती यादी बाजारात नेताना हसायचे, "मावशी, आज बाकरी कशाबरोबर?" मी झारा उगारायचे. एकदा तुम्ही वर्गात त्यांना सांगताना मी खिडकीतून ऐकलं. म्हणालात, "एखाद्याच्या हाताला एखादं अक्षर लागत नाही. म्हणून त्याला मारू नका. मारलं तर ते अक्षर आयुष्यभर लागत नाही." मी खिडकीतून बाजूला झाले आणि त्या दिवशी वरण खाली लागलं. तुम्ही ते करपलेलंच खाल्लंत.

शेवटच्या दुखण्यात, सकाळी मी तुम्हाला पेज भरवत होते. तुम्ही माझा हात ओढून घेतला, तळवा उघडला आणि त्यावर बोटाने काहीतरी काढलंत. काढून माझ्याकडे बघितलंत, वाच म्हणून. मी म्हटलं, "गुदगुल्या होतात, नाना." तुम्ही हसलात. त्या न शोभणाऱ्या फोटोतल्यासारखं. आठवड्याच्या आत तुम्ही गेलात.

भांडीवाली येऊन गेली मघाशी. तिच्याशी उगीच भांडले, कढईला राख कमी लावते म्हणून. ती म्हणाली, "आज काय व झायं तुले, मावशी?" मी म्हटलं, काही नाही, भाषण आहे. ती म्हणाली, "मंग भांडाले कसाले येस, भाषण कर ना." बरोबर बोलली.

तर रविवारी मी धाकट्या मास्तरांचा कागद वाचणार नाही, हे ठरलं. फोटोवरचं फडकं निघालं की मी फळ्याशी जाणार. तुमच्या फोटोच्या बरोबर खाली उभी राहणार. सांगणार, कौन्सिलात यांनी स्वतःला गुन्हेगार म्हटलं ते खरं, तेवढं धैर्य मी दुसऱ्या कोणात पाहिलं नाही. मांडी खोटी. थोबाडीत मारली होती. आणि डोळे कोणी उघडले असतील तर ते एका पाणी भरणाऱ्या बाईने, जिचं पोर तीन दिवस घरी उपाशी होतं. मी फक्त तिचा शब्द पुठ्ठ्यावर उतरवला. चेअरमनना काय वाटायचं ते वाटो. खोली गेली तर गेली. माझ्याकडे एक ट्रंक आणि एक पिठाचा डबा आहे, दोन्ही हातांत मावतात. आणि ओझं माझं मीच वाहीन, ते बरं.

हे लिहिताना मला भीती वाटते आहे, तुमची नाही, त्यांचीही नाही. पहिल्या बाकावरचा कोणी शिकाऊ मास्तर उठून विचारेल, मग मावशी, तुम्ही त्यांना चुकून असं का सांगितलंत? त्याला काय सांगू? नऊ वर्षांची होते, कान वाजत होता? ते खरं आहे. पण पुढे पंचवीस वर्षं नऊ वर्षांची नव्हते. तुम्ही पाटी घेऊन आलात तेव्हा कान वाजत नव्हता. तुम्ही बोट फिरवलंत तेव्हा तर कोणीच कोणाला मारणारं नव्हतं.

पत्र टाकायचं कुठं? तुमचे तीन पत्ते होते, कचेरी, कौन्सिल, कॉलेज, तिन्ही ठिकाणी आता दुसरी माणसं बसतात. घडी करून पिठाच्या डब्यात, पाटीच्या खाली ठेवते. पाटी मात्र मघाशी पुसली आणि तुम्ही आणल्यापासून पहिल्यांदा तिच्यावर लिहिलं, एकच अक्षर, मोठं, गाठीसकट, दांडीसकट. चांगलं आलं. तुमच्या कारकुनापेक्षा चांगलं.

मला भ तेव्हाही येत होता, नाना.